अर्धा पॉइंट

आम्ही सांघिक बुद्धिबळाचा करंडक जिंकला त्या रविवारी संध्याकाळी आमच्या संघातली सर्वांत धाकटी खेळाडू शाळेच्या जिन्यात बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. वर हॉलमध्ये फोटोची गडबड चालली होती. बाकं सरकवल्याचा आवाज येत होता, कुणीतरी "बॅनर सरळ धरा हो" म्हणून ओरडत होतं. मी तिला बोलवायला खाली आले, तर नाड्या बांधून झालेल्याच होत्या. ती त्या सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. बाहेर पाऊस लागलेला, कोपऱ्यात ओल्या छत्र्यांचा ढीग आणि त्यांचं पाणी पायरीपायरीनं खाली चाललेलं. "चल गं, तुझ्यावाचून फोटो अडलाय," मी म्हटलं. तिनं मान वर केली नाही. "काकू, मी जिंकत होते," एवढंच म्हणाली. मग उठली, वर आली आणि करंडकाच्या कानाला एक हात लावून फोटोत नीट हसली. त्याच आठवड्यात पेपरच्या आतल्या पानावर छोटीशी बातमी आली. शेवटच्या वाक्यात तिचं नाव होतं: चौथ्या पटावर बरोबरी साधून तिनं संघाचा विजय निश्चित केला. बातमीत चूक काहीच नव्हती.

पण मी तो डाव पाहिला होता.

मी राखीव खेळाडू. सांघिक स्पर्धेत चार बोर्ड, चार खेळाडू आणि यादीत पाचवं नाव राखीव. कुणाला ताप आला, कुणी चांदणी चौकात अडकलं, तर बसायचं. एरवी सगळ्यांचे मोबाईल सांभाळायचे आणि अमृततुल्यवाल्याला कप किती ते सांगायचं. पण या जागेचा एक फायदा आहे. चारही डाव पाहणारी संघातली मी एकटीच असते. बाकीच्यांना आपापला डाव सोडून काही दिसत नाही. उठून शेजारच्या बोर्डावर डोकावतात तेही स्वतःच्या चिंतेत. पहिल्या बोर्डावर आमचे कॅप्टन काका, बँकेतून निवृत्त झालेले, अजूनही चाली फाउंटन पेनानं लिहितात. दुसऱ्यावर हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा, जो रविवारी चांगला खेळतो याचं कारण त्याच्या मते फक्त एवढंच, की रविवारी हिंजवडीला जावं लागत नाही. तिसऱ्यावर औषधांच्या दुकानाचे मालक. पांढऱ्या सोंगट्या आल्या की डावाची सुरुवात लंडन सिस्टिमनं, काळ्या आल्या की कारो-काननं. यापलीकडे जग आहे हे त्यांना मान्य आहे, पण त्यांना तिकडे जायचं नाही. आणि चौथ्या बोर्डावर नववीतली ही मुलगी, आई खाली ॲक्टिव्हावर बसून वाट बघणारी. यादी खेळाच्या ताकदीप्रमाणे लावायची आणि एकदा दिली की स्पर्धा संपेपर्यंत क्रम बदलायचा नाही. त्यामुळे पहिल्याच फेरीत ती काकांपेक्षा बरी खेळते हे सगळ्यांच्या लक्षात आलं, तरी ते मनातच ठेवावं लागलं.

विजयाला एक पॉइंट, बरोबरीला अर्धा. उपांत्य फेरी दोन-दोन अशी सुटली. काका जिंकले, मधले दोन डाव बरोबरीत, आणि ती हरली. चांगल्या डावात घोडा एका चालीत गेला. अशा वेळी निकाल बोर्ड काउंटवर लागतो. दोन्ही संघांनी जिंकलेल्या बोर्डांचे क्रमांक मांडायचे आणि ज्याची बेरीज लहान तो संघ पुढे. आमचा विजय पहिल्या बोर्डावर म्हणजे एक, त्यांचा चौथ्यावर म्हणजे चार. आम्ही अंतिम फेरीत. नियम चुकीचा नाही. वरच्या बोर्डावर तगडे खेळाडू असतात, तिथल्या विजयाला वजन जास्त, आणि काहीतरी करून गाठ सोडवायचीच असते. पण पंचांनी हे हिशेब मोठ्यानं वाचून दाखवले तेव्हा मी तिच्या शेजारी उभी होते. त्या बेरजेचा अर्थ कुणी सांगायची गरज नव्हती. चार जणांत सर्वांत स्वस्तात हरता येतं ते तिच्या खुर्चीवर बसून. औषधवाल्यांनी तर सद्भावनेनं तिला समजावलंसुद्धा, "अगं, तू हरलीस ते बरं झालं, तिसऱ्यावर मी हरलो असतो तर आणखी काठावर आलं असतं." सांत्वन करण्याच्या आपल्या पुणेरी पद्धतीवर कधीतरी वेगळं लिहायला हवं.

म्हणून अंतिम फेरीत ती कशी बसली होती ते मला नीट आठवतं. खुर्चीच्या अगदी कडेला, दोन्ही कोपरं टेबलावर. आम्हाला एक आणि तीन क्रमांकाच्या बोर्डांवर पांढऱ्या सोंगट्या होत्या, तिच्याकडे काळ्या. समोर दाढी राखलेला कॉलेजचा मुलगा. काका पांढरे घेऊनही लवकर हरले. हिंजवडीवाला आणि औषधवाले जिंकले. दोन-एक. आणि तिच्या बोर्डावर हत्तींचा शेवट उरला होता: दोघांकडे एकेक हत्ती, सगळी प्यादी राजाच्याच बाजूला, तिची चार, त्याची तीन. हा शेवट जाणणारे सांगतील की नीट बचाव केला तर तो बरोबरीत सुटतो. पण त्यासाठी कडेचं प्यादं वेळेत दोन घरं पुढे ढकलून ठेवावं लागतं, म्हणजे समोरच्याला मोकळं पसरता येत नाही. दाढीवाल्यानं ते ढकललं नव्हतं. त्याचं घड्याळ एका मिनिटाच्या खाली होतं. प्रत्येक चालीला तीस सेकंद वाढीव मिळायची, ती तो पुरती खर्च करत होता. त्याचा पाय टेबलाखाली इतका हलत होता की तिच्या बाटलीतलं पाणी थरथरत होतं. तिच्याकडे वीसेक मिनिटं शिल्लक होती आणि ती घाईत नव्हती. हत्ती दुसऱ्या रांगेत नेऊन बसवला, राजा एक घर पुढे घेतला आणि पाण्याचा घोट घेतला.

काका तोवर पेअरिंगच्या कागदामागे हिशेब करत होते. ती जिंकली किंवा बरोबरी केली तर करंडक आपला. हरली तर दोन-दोन. आपले विजय दुसऱ्या आणि तिसऱ्या बोर्डावर, बेरीज पाच. त्यांचे पहिल्या आणि चौथ्यावर, बेरीज पाच. तीही सारखी! मग या स्पर्धेच्या नियमाप्रमाणे पाच-पाच मिनिटांचे जलद डाव, आणि त्यांच्या पहिल्या बोर्डावरचं ते पोर जलद डावांत काय करतं हे आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं. काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला, पंचांना सोबत घेतलं आणि तिच्या मागे जाऊन उभे राहिले. कॅप्टनला पटावरच्या स्थितीबद्दल चकार शब्द काढता येत नाही. बरोबरी माग, बरोबरी घे, डाव सोड, असलं काहीतरी त्रोटक, पंचांच्या देखत सांगता येतं. काका म्हणाले, "बरोबरी मागितलीस तर चालेल."

सल्ला मानायचं बंधन नसतं. तीही हे जाणते, नियम तिला काकांपेक्षा जास्त पाठ आहेत. पण नववीतल्या मुलीच्या खांद्यामागे पासष्टीचे काका उभे असतील, आणि त्यांच्या मागे आम्ही सगळे श्वास धरून, तर "चालेल" हा शब्द कुठल्या सुरात ऐकू येतो ते वेगळं सांगायला नको. ती बराच वेळ पटाकडे पाहत राहिली. मग एक चाल खेळली, "ड्रॉ?" म्हणाली आणि घड्याळ दाबलं. दाढीवाल्याचा हात तिचं वाक्य संपायच्या आधी पुढे आला होता. मला वाटतं, नाड्यांचं कारण तेच असावं. त्यानं थोडा विचार केला असता, निदान एकदा पटाकडे बघितलं असतं, तरी चाललं असतं. स्कोअरशीटवर तिनं अर्धा लिहिला तेव्हा मधली रेघ इतकी दाबून ओढली की खालच्या कार्बन कॉपीवर तेवढीच ठळक उठली. बाकी सगळ्या चाली फिकट.

बुद्धिबळ एकट्यानं खेळतात हे मला आजोबांच्या वाड्यात कित्येक वर्षं माहीतच नव्हतं. संध्याकाळी ओट्यावर पट पडायचा. खेळणारे दोघे, पण दोन्ही बाजूंना तीन-चार सल्लागार. नळावर पाणी भरायला आलेला माणूससुद्धा बादली ठेवून "घोडा काढा, घोडा!" सांगून जायचा. नियम देशी. प्यादं पहिल्या चालीतही एकच घर जायचं, राजाला एकदाच घोड्याची उडी, तीही शह बसायच्या आधी. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्याचं घर त्याची सोंगटी. हरलं की दोष सल्लागाराचा, जिंकलं की अक्कल स्वतःची. या व्यवस्थेत कुणाचं फारसं बिघडत नसे. आजोबा डाव हरून जेवायला बसले की समोरच्या बिऱ्हाडातल्या अण्णांना शिव्या देत वरणभात कालवायचे, आणि दुसऱ्या दिवशी तेच अण्णा त्यांच्या उजव्या हाताला. पुढे मी शाळेच्या स्पर्धेत गेले. तिथे कुणी तोंड उघडलं की पंच डोळे वटारायचे. घड्याळं चावीची होती, टिकटिक सगळ्या वर्गभर, आणि वेळ संपत आली की तबकडीवरचा छोटा लाल झेंडा काट्यानं उचलला जायचा आणि पडायचा. तो पडला की संपलं. त्या वर्गात मला पहिल्यांदा कळलं की चुकीचा सल्ला द्यायला अण्णा नसले तर किती गार वाटतं.

सांघिक स्पर्धा म्हणजे या दोन्हींचा विचित्र संकर. डाव शाळेतला, जिव्हाळा वाड्यातला, आणि बोलायची बंदी. शेजारच्या माणसाचा वजीर पुढच्या चालीत जाणार हे दिसतंय, तो तुमच्याच संघातला आहे, आणि तुम्ही चेहरासुद्धा हलवायचा नाही. माझ्यासारख्या राखिवाला तर हा छळच. करंडक म्हटलं की पुणेकराच्या कानात आधी आवाज घुमतो. भरत नाट्य मंदिराच्या बाहेर, १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत, "अरे आवाज कुणाचा" म्हणून घसे फोडणारी कॉलेजची पोरं. माझ्या कॉलेजसाठी मीही ओरडलेय, पार दुसऱ्या दिवशी आवाज बसेपर्यंत. या शहरात करंडक ही हातघाईवर यायची गोष्ट आहे. २०२२ साली परीक्षकांनी एकही एकांकिका त्या तोडीची नाही म्हणून पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा केवढं रण माजलं होतं. आमच्या अंतिम फेरीत मात्र निर्णायक क्षणी ऐकू आला तो पंख्याचा आवाज आणि घड्याळाच्या खटक्याचा. मग टाळ्या, त्याही दबक्या, कारण पलीकडच्या वर्गात तिसऱ्या क्रमांकाची लढत अजून चालू होती.

सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडची शेवटची फेरी आम्ही क्लबात प्रोजेक्टर लावून पाहिली होती, कधी भिंतीवर, कधी कुणाच्या तरी डोक्यावर. खुला गट आणि महिला, दोन्ही सुवर्णपदकं भारताची. महिला संघाचे कॅप्टन आपले अभिजित कुंटे, २००० साली भारताचे चौथे ग्रँडमास्टर झालेले, त्यामुळे क्लबातल्या निम्म्या लोकांना ते पदक सदाशिव पेठेत आल्यासारखं वाटत होतं. आमच्या चौथ्या बोर्डाची त्या दिवसातली चर्चा मात्र वेगळीच. आठव्या फेरीत पोलंडकडून हरल्यावर, नवव्या फेरीत अमेरिकेशी लढत दोन-दोन सुटली ती वंतिका अग्रवालनं इरिना क्रशला हरवलं म्हणून. शेवटी अझरबैजानला साडेतीन-अर्धा. आणि वैयक्तिक सुवर्ण कुणाला, तर तिसऱ्या बोर्डावर नागपूरच्या दिव्या देशमुखला आणि चौथ्यावर वंतिकाला. "चौथ्या बोर्डाला वेगळं पदक असतं?" तिनं तेव्हा विचारलं होतं. असतं म्हटल्यावर गप्प बसली. आमच्या स्पर्धेतही तशी तरतूद आहे, स्टीलची पाण्याची बाटली देतात. अंतिम फेरी जिंकली असती तर ती बाटली तिला मिळत होती. बरोबरीमुळे ती गेली दाढीवाल्याला. बक्षीस समारंभात काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी पडद्याकडे.

डाव मी घरी जाऊन इंजिनात, म्हणजे चाली तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घातला. मोह आवरत नाही. इंजिन म्हणालं, काळ्याची बाजू किंचित बरी, तेवढंच. सात सोंगट्यांपर्यंतच्या शेवटांची उत्तरं आता कायमची सुटलेली आहेत, बघायची आणि लिहून घ्यायची. पण या पटावर राजे, हत्ती, प्यादी मिळून अकरा उरलेल्या, म्हणजे तिथेही सोय नाही. आणि इंजिनाला दाढीवाल्याचा पाय दिसत नाही. त्याच्या अंगावर पुढची वीस मिनिटं दर तीस सेकंदांना एक अचूक चाल शोधायची वेळ आली असती, हे गणित त्या आकड्यात नाही. माझं मत विचाराल तर दहापैकी सहा-सात वेळा तो चुकला असता. दोनदा बरोबरी. आणि एखाद्या वेळी ती चुकली असती, कारण घोडा एका चालीत घालवून तिला फार काळ झाला नव्हता. काकांच्या डोक्यात तो एकच डाव होता. कॅप्टनच्या डोक्यात तोच असावा लागतो, हेही मला कळतं.

पुढच्या आठवड्यात अमृततुल्यवर काकांना मी विचारलंच. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, आणि माझी अपेक्षा होती तसं संघहित वगैरे काही बोलले नाहीत. म्हणाले, "मी जिंकलो असतो ना, तर तिला खेळू दिलं असतं." मी म्हटलं, काका, तुम्ही जिंकला असतात तर गरजच नव्हती, निकाल तिथेच लागला असता. "तेच म्हणतोय," ते म्हणाले. "स्वतः हरून आलेल्या माणसाला करंडक जास्त लागतो." मग विषय बदलून त्यांनी बिस्किटं महाग झाल्याची तक्रार केली.

करंडक फिरता आहे, वर्षभर जपायचा आणि परत द्यायचा. चांदीचा मुलामा कानांजवळ उडून खालचं पितळ दिसतं. लाकडी बैठकीवर आजवरच्या विजेत्यांच्या पट्ट्या ठोकलेल्या आहेत, त्यातली एक उलटी लागलीय आणि कुणी सरळ करायच्या भानगडीत पडलं नाही. पहिल्यांदा तो तिच्या घरी जावा असं सर्वांनी सुचवलं. ती म्हणाली, नको, आमच्याकडे जागा नाही. फ्लॅट टू-बीएचके आहे, पण कुणी वाद घातला नाही. सध्या तो औषधांच्या दुकानात ग्लुकोजच्या डब्यांशेजारी उभा असतो. गिऱ्हाइकं विचारतात, "कसला कप हो?" बुद्धिबळाचा म्हटलं की काही जण "वा" म्हणतात, एका आजींनी "कॅरमचं पण असतं का?" असं विचारलं, आणि ज्यांना खरंच रस असतो ते औषधवाल्यांच्या तावडीत सापडून लंडन सिस्टिम ऐकून जातात. क्लबात मात्र फरक पडलाय. २०२५ च्या एप्रिलमध्ये महिलांची ग्रां प्री बुद्धिबळ स्पर्धा पुण्यात झाली, कोनेरू हम्पी जिंकली, त्यानंतर मुली यायला लागल्या होत्याच. आता करंडकाचा फोटो बघून आणखी आल्यात. रविवारी पट कमी पडतात. हिरव्या-पांढऱ्या रेक्झिनच्या गुंडाळ्यांतली एक नेहमी कोपऱ्यावर पालथी वळते, तिच्यावर मोबाईल ठेवून खेळावं लागतं.

नव्या मोसमाची यादी ठरवायला परवा बसलो. काकांनी आपणहून सांगितलं, ती आता दुसऱ्या बोर्डावर. हिंजवडीवाल्यानं खांदे उडवून होकार दिला. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती वहीत काहीतरी खरडत होती, मान न उचलता म्हणाली, "काका, कुठल्याही बोर्डावर बसवा. पण मला ड्रॉ घ्यायला सांगायला येणार असाल, तर आधी तुमचा डाव जिंकून या."

पहिल्यांदा औषधवाले हसले, मग काका, आणि काकांना हसताना बघून बाकीचे. "कबूल," काका म्हणाले आणि फाउंटन पेनानं दुसऱ्या ओळीत तिचं नाव घातलं. प्रश्न उरला चौथ्या ओळीचा. औषधवाले तिथे बसायला अजिबात तयार नाहीत. चौथ्यावर काळ्या सोंगट्या जास्त वेळा येतात असा त्यांचा दावा आहे, तो खोटा आहे, पण ते ऐकत नाहीत. या मोसमात आपण राखीव राहू म्हणतात, चहाचं बघू. फॉर्मची मुदत शनिवारी संपते. चौथ्या ओळीत सध्या पेन्सिलनं माझं नाव आहे आणि कारो-कान खेळण्यातच शहाणपण कसं आहे यावर रोज सकाळी व्हॉट्सॲपवर मला त्यांचे लांबलचक व्हॉइस मेसेज येतायत.